हरणांच्या शेतातलं बुजगावणं

काका,

इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये तुमच्यासाठी सगळे जमले तेव्हा खूप जण बोलले. तुम्ही नागपूरहून कधी आलात, कुठल्या कंपनीत होतात, मंडळाचा गणपती पहिल्यांदा कुणाच्या बेसमेंटमध्ये बसला, सगळं सांगून झालं. शेताबद्दल कुणीच बोललं नाही. बोलणार तरी कोण? काकू पहिल्या रांगेत मान खाली घालून बसल्या होत्या आणि मी मागे चहाच्या टेबलापाशी उभा होतो. कुणीतरी मला म्हणालं, "संतोष, तू फार जायचास ना त्यांच्याकडे? बोल ना दोन शब्द." मी नुसती मान हलवली. दोन शब्दांत कसं सांगणार होतो की या माणसाने मला आयुष्यात पहिल्यांदा पेरायला लावलं, आणि तेही हरणांसाठी?

म्हणून इथे लिहितोय. तुम्हाला वाचून दाखवत असतो तर तुम्ही मध्येच म्हणाला असता, "लांबण नको लावू बे, मुद्द्यावर ये." येतो.

आपली ओळख गणपतीतच झाली. मी मिनेसोटात नवीन होतो. ईडन प्रेरीच्या अपार्टमेंटमध्ये एक गादी, एक कुकर आणि ऑफिसचा लॅपटॉप, एवढाच संसार. प्रसादाच्या रांगेत जो तो विचारायचा, "पुण्याचा का?" मी नाही म्हटलं की पुढचा प्रश्न, "मग मुंबई?" तेही नाही म्हटलं की बोलणं संपायचं. तुम्ही डाव हातात घेऊन शिरा वाढत होतात. मी करमाळ्याकडचा म्हटल्यावर तुमचा हात थांबला.

"करमाळा? तिकडे काळवीट असतात ना बे?"

"असतात. फार असतात. हरभरा ठेवत नाहीत."

"बस इथे," तुम्ही म्हणालात आणि डाव दुसऱ्याच्या हातात दिलात. मग मी तुम्हाला सांगितलं की आमच्याकडे हरभऱ्याचा कोवळा शेंडा आला की पहाटे कळप उतरतो, की शेतात लाकडी मचाण असतं, त्यावर बसून आम्ही भावंडं पत्र्याचा डबा बडवायचो आणि तिथूनच शाळेत जायचो. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. या देशात माझ्या गावाबद्दल पुढचा प्रश्न विचारणारे पहिले तुम्हीच. हे तुम्हाला कधी बोललो नाही. बोललो असतो तर तुम्ही थट्टाच केली असती.

तुम्ही धनुष्यबाणाने हरणाची शिकार करता हे कळलं तेव्हा मी हसलो होतो. मला वाटलं गंमत आहे. मग तुम्ही मागच्या अंगणात नेलंत. तिथे ते फोमचं हरीण उभं होतं, अंगभर बाणांची भोकं. काकूंनी त्याचं नाव जावई ठेवलं होतं. "कामाचं काही नाही, नुसतं उभं राहायचं, आणि आम्ही त्याच्या भोवतीचं गवत कापायचं," त्या म्हणायच्या. त्या जावयावरच तुम्ही मला बाण मारायला शिकवलंत. मी शिकारीचा कोर्स केला, परीक्षा दिली, लायसन्स काढलं. तुमचा नियम मात्र कोर्सच्याही आधीचा होता. "हरीण सगळ्यात शेवटी बघायचं. आधी हरणाच्या मागे काय आहे ते बघायचं. मागचं दिसत नसेल तर बाण सोडायचा नाही."

मागच्या हिवाळ्यात तुमच्या गॅरेजमध्ये वादाला सुरुवात झाली. बाहेर बर्फ, आत गॅसची शेगडी, तिच्यावर तुम्ही सावजी मसाल्यात हरणाचं मटण परतत होतात. काकू शाकाहारी, त्यामुळे मटण स्वयंपाकघरात शिजत नसे. पण काकू गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि न चाखता सांगायच्या, "मीठ कमी झालंय." आणि ते खरंच कमी झालेलं असायचं. तुम्ही म्हणालात, यंदा जंगलातल्या मोकळ्या तुकड्यात हरणांसाठी पेरू. इतकी वर्षं तुम्ही तिथे नुसतेच बसत होतात, पेरलं कधीच नव्हतं. इथे मक्याचा ढीग टाकून हरणं बोलावणं बेकायदेशीर आहे, पण उगवलेलं पीक चालतं, हेही तुम्ही मला तेव्हाच सांगितलंत.

"म्हणजे खाऊ घालून मारायचं?" मी म्हणालो.

"मग तुझ्या बाबाने जत्रेचं बोकड काय उपाशी ठेवलं होतं?"

"बोकड आपलं असतं, काका. त्याला बांधलेलं असतं. हे आपल्या पायाने येणार. जेवायला बोलवायचं आणि..."

"तिसऱ्यांदा वाढून घेऊन राहिला," तुम्ही माझ्या ताटाकडे बोट दाखवलंत. "खाताना हात नाही थरथरला तुझा."

काकू दारातून म्हणाल्या, "बरोबर बोलतोय तो."

"तू मध्ये पडू नको. तुला मटणातलं काय कळतं?"

"मिठाचं कळतं ना," काकू म्हणाल्या.

मग तुम्ही जरा गंभीर झालात. म्हणालात, हिवाळ्यात इथे त्यांच्या पोटात साली नि काटक्या असतात, पेरलेलं त्यांना बर्फ पडेपर्यंत पुरेल, सगळी खातील, आपण एखादंच नेऊ. मी म्हणालो, तरीपण. तुम्ही म्हणालात, "हा वाद गॅरेजमध्ये सुटायचा नाही. मचाणावर बसून घालू." त्या तुकड्याच्या काठच्या झाडाला लावलेल्या शिडीच्या खुर्चीला तुम्ही मचाणच म्हणायचात. मला ते ऐकताना दर वेळी चमत्कारिक वाटायचं. आमच्या मचाणावर हरणं हाकलायला बसतात. तुमच्या मचाणावर त्यांची वाट बघत बसतात.

पेरायची वेळ आली तेव्हा तुम्ही सगळी सूत्रं माझ्याकडे दिलीत. "तू शेतकऱ्याचा पोरगा. मी इंजिनियर माणूस, मला गवत कापण्यापलीकडे काही येत नाही." तेव्हा मला सांगावं लागलं की मी कधी पेरलेलंच नाही. बाबा तिफणीला हात लावू द्यायचे नाहीत. मी जवळ गेलो की म्हणायचे, "तू तिकडं सावलीत बस आणि पुस्तक वाच." राखण करायला चालायचं, कारण मचाणावर पुस्तक नेता येतं. घरात पहिला पदवीधर व्हायचं तर हात मातीपासून लांब ठेवायला हवेत असं त्यांना वाटायचं, आणि ते खरंही झालं. तुम्ही ऐकून घेतलंत. मग बियाण्याची पिशवी माझ्या हातात दिलीत. "घे. इथे तुझा बाबा नाही ओरडायला."

ऑगस्टमधला तो शनिवार. आपण आधी गवत मारलं होतं, दगड वेचले होते, मातीची तपासणी करून चुना टाकला होता. डासांनी आपल्याला सोललं होतं. पिशवीत ओट्स होते, क्लोव्हर नावाचा चारा होता आणि सलगम नि मुळ्याचं मोहरीसारखं बारीक बी. काकूंनी घरी ते बी बघून विचारलं होतं, "शेत पेरताय की फोडणी घालताय?" मी सरळ ओळी पाडायला निघालो, तर तुम्ही म्हणालात ओळी नको, मुठीने फोकून टाक. मी म्हणालो फोकून टाकलं की बी उघडं पडतं, मातीत खोल गेलं पाहिजे. तुम्ही पिशवीवरचं वाचून दाखवलंत की हे बी जेमतेम झाकलं गेलं पाहिजे, खोल गेलं तर वर येणार नाही. भांडलो आपण. मग अर्ध्यात तुमच्या मनाप्रमाणे, अर्ध्यात माझ्या ओळी, असं ठरलं. शेवटी बी दाबायला रोलर नव्हता, तर आपण दोघांनी ते पायांनी दाबलं. शेजारी शेजारी, पावलाला पाऊल लावून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि परत. तुम्ही हाशहुश करत होतात. मी म्हणालो बसा. तुम्ही म्हणालात, "गप रे. चाल."

त्या चालण्याची मला आता सारखी आठवण येते. कुणी बोलत नव्हतं. मी घरी कधी बाबांच्या शेजारून असा चाललो नाही.

बाबांना फोन करून सांगितलं तेव्हा आधी त्यांना वाटलं फोन नीट लागलेला नाही. "हरणांपास्नं वाचवायला पेरलं?"

"नाही बाबा. हरणांनी खावं म्हणून पेरलं."

"आमी हितं राखून राखून मरतोय आणि तू तिकडं जेवाय घालतोयस." मग त्यांनी हळूच विचारलं, "उगवण कशी झाली?"

उगवण चांगली झाली होती. तुमच्या फोकलेल्या अर्ध्यात दाट हिरवं, माझ्या ओळींत बोडकं. तुम्ही जिंकलात. शेताकडेच्या झाडावर तुम्ही बसवलेल्या कॅमेऱ्याचे फोटो मंडळात लोकांना दाखवत फिरलात, तेही मला आठवतं. लोकांना वाटलं लॉन आहे.

सप्टेंबरच्या सुरुवातीला तुम्हाला दम लागत होता, म्हणून मी एकटाच शेतावर गेलो. आणि तिथे मी जे केलं ते तुम्हाला माहीत आहेच, तर मी इथे लपवून काय करू? मी पोचलो तेव्हा सलगमाची कोवळी पानं जागोजाग खुडलेली होती. मऊ मातीत खुरं उमटली होती. आपलं पीक खाल्लं! डोक्यात दुसरं काही आलंच नाही. मी दोन काटक्यांचा क्रॉस बांधला, गाडीच्या ट्रंकमध्ये पडलेलं तुमचं जुनं केशरी जाकीट त्याला चढवलं, आत वाळकं गवत कोंबलं, वर तुमची टोपी ठेवली. चिप्सची रिकामी पाकिटं दोरीला बांधून चारी बाजूंनी लावली, वाऱ्यावर चमकतील अशी. मग चार पावलं मागे जाऊन बघितलं. समाधान वाटलं, काका. फार वर्षांनी मला माझं काम नीट जमलं असं वाटलं.

गाडी हायवेला लागायच्या आत तुमचा फोन आला. झाडावरचा कॅमेरा फोटो थेट तुमच्या फोनवर पाठवतो हे मी विसरलो होतो.

"संतोष, माझ्या शेतात हा कोण उभा आहे बे?"

"बुजगावणं आहे, काका. हरणांनी फार नुकसान केलंय."

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं. मी गाडी कडेला घेतली. आणि मग तुमचं हसू ऐकू आलं, खोकल्यात मिसळलेलं, थांबेचना. मागून काकू विचारत होत्या, काय झालं, पाणी आणू का. तुम्ही श्वास घेत म्हणालात, "अबे, तू पाहुण्यांना जेवायला बोलावलं आन् दारात कुत्रं बांधून ठेवलं!"

मी म्हणालो, परत जाऊन काढतो. तुम्ही म्हणालात, "हात नको लावू. मला डोळ्यांनी बघायचंय ते. शनिवारी आपण दोघं जाऊ, मी त्याच्या शेजारी उभा राहून फोटो काढीन, मग काढू." आणि फोन ठेवताना, हसू ओसरल्यावर, तुम्ही विचारलंत, "यंदा माझ्या जागेवर तू बसशील ना? या दमामुळे मला वर चढवेल असं वाटत नाही." मचाणावर दोघांची जागा. डावीकडे तुम्ही, तिथूनच बाण सुटतो. उजवीकडे मी, नुसता बघणारा.

मी म्हणालो, "बघू, काका."

आपल्याकडे बघू म्हटलं की त्यात हो पण असतं आणि नाही पण असतं. तुम्ही ते तसंच राहू दिलंत. शनिवार यायच्या आधीच, सकाळचा चहा समोर असताना, तुम्ही गेलात.

त्यानंतर जे झालं ते तुम्हाला माहीत नाही. काकूंनी तुमचा फोन बंद केला नाही. रोज चार्ज करतात. कॅमेऱ्याचा फोटो रोज सकाळी येतो, आणि फोटोत कोण असतं ते तुम्हाला कळलंच असेल. केशरी जाकीट, टोपी, पाठमोरं, जरा डावीकडे कललेलं. तुम्हीही तसेच कलायचात. पहिल्या दिवशी काकूंनी मला तो फोटो पाठवला, खाली काही न लिहिता. दुसऱ्या दिवशी लिहिलं, "आज धुकं आहे तिकडे." मग रोजच येऊ लागला. शुगर लँडहून आलेला तुमचा मुलगा निखिल तेराव्यानंतर सगळी आवराआवर करत होता. तो म्हणाला, "मॉम, धिस कॅमेरा थिंग, शुड आय कॅन्सल इट?" काकू त्याला म्हणाल्या, "राहू दे." त्याने दोनदा विचारलं. त्या दोनदा तेच म्हणाल्या.

मी मात्र अडकलो. धनुष्याचा सीझन सुरू झाला होता. तुम्ही असतात तर बुजगावणं कधीच निघालं असतं. ते उभं होतं तोवर पाहुणे यायचे नव्हते, आणि तुमचं सगळं शेत वाया जायचं होतं. पण ते काढलं तर काकूंच्या सकाळच्या फोटोत काय उरणार? रिकामं शेत. मी त्यांना फोनवर विचारलं, "काकू, ते काढू का?" त्या म्हणाल्या, "तुला योग्य वाटेल ते कर." आवाज अगदी साधा. एवढं साधं त्या तुमच्याशी कधी बोलल्या नसतील. आणि खरं सांगायचं तर प्रश्न काकूंचा एकट्यांचा नव्हता. अपार्टमेंटमध्ये सकाळी उठल्यावर मीही त्या फोटोचीच वाट बघत होतो. तुम्ही गेल्यापासून माझ्याशी माती, पाऊस, पीक असलं कुणी बोलत नाही. ऑफिसात मी सगळ्यांशी बोलतो. घरी आल्यावर आठवत नाही काय बोललो.

काल गेलो शेवटी. धनुष्य बरोबर घेतलं, का ते मलाही सांगता येणार नाही. झाडांची पानं गळून गेली आहेत. वाटेवरून वळलो आणि समोर तुम्ही उभे होतात, पाठमोरे, सलगमाच्या हिरव्यात गुडघाभर. माहीत असूनही माझ्या तोंडून "काका" निघालं. त्यानंतर माझ्याने जवळ जाववलं नाही. मी मचाणावर चढलो, पट्टा बांधला आणि उजवीकडे बसलो. डावी बाजू मोकळी ठेवली. असंच, सवयीने.

ऊन उतरल्यावर ती आली. एक मादी, मागे वाढलेलं पाडस. मला वाटलं बुजगावणं बघून उधळतील. बाबा म्हणतात, बुजगावण्याची जागा बदलत राहावी लागते, नाहीतर जनावर त्याला ओळखायला लागतं. ओळखलं होतं तिने. सरळ त्याच्याकडे गेली, लोंबणारी बाही हुंगली, आणि त्याच्या पायाशी मान खाली घालून खायला लागली. पानं तुटल्याचा आवाज मला वर ऐकू येत होता. तुमच्या फोकलेल्या अर्ध्यातलं खात होती, काका. माझ्या ओळींकडे बघितलंसुद्धा नाही.

मी धनुष्य उचललं. ती आडवी उभी होती. तुम्ही म्हणाला असता, याहून चांगली संधी नाही. मी दोरी ओढली, आणि तुमच्या नियमाप्रमाणे आधी मागे बघितलं. हरणाच्या मागे तुम्ही होतात.

आत गवत भरलंय हे डोक्याला कळत होतं. तरी बाण न सोडता दोरी हळूहळू सैल केली. ती दया होती, भीती होती की तुमचा नियम, मला ठरवता येत नाही. आपला वाद मी जिंकलो असं मी म्हणणार नाही. वाद झालाच नाही. तुम्ही मध्ये उभे होतात.

ती दोघं पोटभर खाऊन गेली. मग मी उतरलो. आधी चिप्सची पाकिटं काढली. मग टोपी. मग जाकिटाची चेन उघडली, गवत उपसलं, काटक्या सोडवल्या. जाकिटाला ओल्या गवताचा वास होता, आणि खिशात खोकल्याची एक गोळी निघाली, कागदाला चिकटलेली. ती तशीच ठेवली. परतीच्या सगळ्या रस्त्यात मला एकच काळजी होती, सकाळची.

आज सकाळी फोन आला. काकूंचा फोटो नाही, फोन.

"आज ते नाहीत रे फोटोत."

"मी काल काढलं, काकू. जाकीट आहे माझ्याकडे. आणून देतो."

"धुऊ नको," त्या म्हणाल्या. मला त्यांच्या मागे फ्रीजचा आवाज ऐकू येत होता. "संतोष, पण हरणं आलीत. ते उभे असायचे ना, अगदी तिथंच. दोन आहेत. नाही, मागे अजून आहेत झाडात. सगळी खातायत."

"हो?"

"यांना दिसायला हवं होतं." त्यांनी नाक ओढलं. आणि मग एकदम तुमच्याशी बोलायच्या त्या आवाजात म्हणाल्या, "मग? नुसताच बघत बसणार आहेस का तू? शनिवारी जाणार ना? गॅरेजमधली शेगडी मी पुसून ठेवते. मीठ मला विचारून घाल."

माझ्या तोंडात बघू आलं होतं, काका. अगदी ओठांपर्यंत.

"जातो, काकू," मी म्हणालो.

शनिवारी डाव्या बाजूला बसेन. आधी मागे काय आहे ते बघेन. आता मागे नुसती झाडं असतील.